गडग्यावरची वाटी

“भाऊजी, आमच्या पिठीला कावीळ झाल्ये की काय?”

श्रावणातली सकाळ. रात्रभर धो धो कोसळून पाऊस जरा दम खायला थांबला होता आणि मी गडग्याशी उभा राहून जास्वंदी काढत होतो. तेवढ्यात पलीकडून मंदावहिनींचा हात आला. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये त्यांच्या मांजरीचा फोटो. काल रात्री मीच मोठ्या हौसेनं पाठवलेला.

“कावीळ कसली? आंबा आहे तो.”

“श्रावणात आंबा?”

“आंब्याचं झाड हो. काल ऊन पडलं तेव्हा पिठी झाडाखाली बसली होती ना? पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा होऊनच खाली येतो. पांढऱ्या अंगावर तो लगेच दिसतो.”

“चार वर्षं ती त्याच झाडाखाली बसत्ये. मला नाही कधी हिरवी दिसली.”

“कारण ती पांढरी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. आपलं डोकं तेवढा हिरवा मनातल्या मनात वजा करून टाकतं. कॅमेराही अंदाज बांधतो, पण सगळी बागच हिरवीगार असली की त्याचा हिशेब चुकतो.”

“मग तुम्ही करा हिशेब. भाचीला नाशिकला पाठवायचाय मला फोटो. हा पाठवला तर ती विचारेल, मावशी, मांजर आजारी आहे का.”

आमच्या दोन घरांमधला हा गडगा जांभ्याचा, कमरेहून वीतभर उंच, पावसाळ्यात शेवाळानं मखमली होणारा. दोन्ही घरांना फाटकं आहेत, पण फाटकातून पाहुणे येतात. बातम्या गडग्यावरून येतात. कुणाच्या काजूला काय भाव मिळाला, खालच्या आळीतल्या वकिलांनी घराला कसला भडक रंग दिला, बँकेत नवा आलेला साहेब विधुर की ब्रह्मचारी, सगळं इथंच कळतं. आणि बातमीच्या मागोमाग वाटी येते. कधी अळूचं फदफदं, कधी फणसाची भाजी. नियम एकच, दोन्ही घरांच्या सासवांनी घालून दिलेला: वाटी रिकामी परत जायची नाही. काही नसलं तर चार मिरच्या टाका, पण रिकामी नाही.

माझ्याकडे कॅमेरा आला तो मुलाकडून. कोकणातून पुण्याला आंबे जातात आणि पुण्याहून कोकणात जुन्या वस्तू येतात, हा आमच्याकडचा व्यापार. त्यानं नवा घेतला आणि जुना निकॉन, सोबत जुना लॅपटॉप, माझ्या पदरात टाकला. तीस वर्षं एस.टी.च्या कंट्रोल केबिनमध्ये बसून गाड्या सोडण्यात गेली. निवृत्तीनंतर सोडायला काही उरलं नव्हतं. मग मी डांबऱ्याच्या मागं लागलो.

डांबऱ्या आमचा कुत्रा. नऊ वर्षांपूर्वी आळीतला रस्ता डांबरी झाला, तेव्हा रोलरच्या मागून हे पिल्लू चालत आलं होतं. काळंकुट्ट. नाव शोधावं लागलं नाही. त्याचे मी पहिल्या महिन्यात चारशे फोटो काढले आणि त्यातला निवडक एक बाजारातल्या एका स्टुडिओत मोठा करायला दिला. हातात आला तो कुत्रा राखुंडीच्या रंगाचा. आमची ही बघून म्हणाली, “हा कुणाचा?”

“तेव्हा तरी कॅमेऱ्यानं असं का केलंन?” वहिनींनी विचारलं.

“कॅमेऱ्याला घरातलं कुणी ओळखता येत नाही. समोर जे आहे ते सरासरी करडं आहे असं धरून तो चालतो. पडलेल्या उजेडातला साधारण अठरा टक्के परत फेकणारा करडा, असं फोटोवाले सांगतात. काळा कुत्रा चौकटभर दिसला की त्याला वाटतं, अरे, इथं अंधार आहे. मग तो दार जरा जास्त वेळ उघडं ठेवतो. कुत्रा करडा. चुन्याच्या भिंतीला टेकलेली पांढरी मांजर दिसली की त्याला वाटतं, फार उजेड झाला; मग दार लगेच लावून घेतो. मांजर करडी.”

“म्हणजे पंक्तीत वाढणारा आमचा बंडू. कुणाला काय हवंय ते न बघता सगळ्यांच्या पानात एकच डाव.”

“अगदी. त्याला आधीच सांगावं लागतं. काळ्याला थोडा उजेड कमी घे, पांढऱ्याला थोडा जास्त. कॅमेऱ्यावर अधिक-उणेचं बटण असतं त्यासाठी. मला ते चारशे फोटो झाल्यावर कळलं.”

मुलाला फोन केला तर तो म्हणाला, “बाबा, तुम्ही जेपेग का काढता? रॉ काढा. नंतर बसून दुरुस्त करता येतं.” एवढं बोलून त्याची मीटिंग सुरू झाली. पुण्यातल्या मुलांची मीटिंग नेहमी नेमक्या ठिकाणी सुरू होते.

“रॉ म्हणजे कच्चं ना?” वहिनी म्हणाल्या. “कच्चा फोटो कसा असतो?”

हे मी हिला समजावलं होतं तेव्हा पाट्यावर वाटण चाललं होतं, म्हणून तेच उदाहरण वहिनींना दिलं. खोबरं, मिरची, कोथिंबीर, आलं ताटलीत वेगळं वेगळं मांडलंय, ती रॉ फाईल. पाट्यावर सगळं वाटून, मीठ घालून गोळा केला, ती जेपेग. मोबाईलवर आपण बघतो ते वाटण. कॅमेरा ते आतल्या आत, डोळ्याचं पातं लवायच्या आत वाटतो आणि उरलेलं फेकून देतो. मग मिरची जास्त झाली म्हणून वाटणातून मिरची वेचून काढता येत नाही.

“पाणी घालून पातळ करता येतं,” वहिनी म्हणाल्या.

“येतं, पण चवही पातळ होते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाला 256 पायऱ्या असतात. आमच्या कॅमेऱ्याची रॉ चौदा बिटांची, तिच्यात 16,384. एवढ्या पायऱ्यांवर वरखाली चढलं-उतरलं तरी पाय अडखळत नाही. 256 पायऱ्यांचा फोटो जास्त ओढला की आभाळात पट्टे उमटतात.”

“आणि हे दुरुस्त करायचं दुकान कुठलं?”

इथून खरी गंमत. एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरचं मी बघितलं, तर ते विकत मिळतच नाही. महिन्याच्या महिन्याला भाडं. कुत्र्याचे फोटो ठेवायला बिऱ्हाड थाटावं तसं. हिनं कपाळाला हात लावला. मग मुलानं दोन नावं पाठवली: डार्कटेबल आणि रॉथेरपी. दोन्ही फुकट.

वहिनींच्या कपाळावर आठी पडली. फुकट हा शब्द ऐकला की रत्नागिरीचं माणूस आधी दोन पावलं मागं सरतं.

“फुकट? धर्माची गाय असली तरी मी दात मोजत्ये हो भाऊजी. उगाच कोण कशाला फुकट देईल?”

“मीही मोजले. ऐका.”

आणि मी गडग्याला टेकून सांगायला लागलो. कॅमेरे बनवणारी प्रत्येक कंपनी आपली कच्ची फाईल आपल्या पद्धतीनं बांधते. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, कॅननची आधी सीआरटू, आता सीआरथ्री. बांधणी कशी आहे ते बहुधा उघड करून सांगत नाहीत. अमेरिकेत डेव्ह कॉफिन नावाच्या माणसानं 1997 साली हे कोडं सोडवायला घेतलं. डीसीरॉ नावाचा प्रोग्राम लिहिला. सी भाषेतली एकच लांबलचक फाईल. नवा कॅमेरा आला की त्याची गाठ सोडव, की फाईलमध्ये चार ओळी वाढव. वीस वर्षं. पुढच्या कितीतरी सॉफ्टवेअरांचा पाया त्या एका फाईलवर पडला. मग 2004 च्या सुमारास हंगेरीतल्या गाबोर होर्वाथनं रॉथेरपी सुरू केलं आणि 2010 मध्ये त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला करून टाकला. डार्कटेबल 2009 चं, योहानेस हानिकानं सुरू केलेलं. आधी ते लिनक्सवाल्यांचं. विंडोजवर 2017 मध्ये आलं, म्हणून आमच्या वाट्याला आलं.

“हा झाला इतिहास. पोट कशावर भरतात?”

“कुणी नोकरी करतं, कुणी शिकतं, कुणी शिकवतं. हे फावल्या वेळात. पण एक लेखी अट आहे. जीपीएल म्हणतात. हे सॉफ्टवेअर कुणीही घ्यावं, वापरावं, उघडून आत बघावं, बदलावं. मात्र बदललेलं दुसऱ्याला दिलंत, तर बदल कसा केलात तोही त्याच्या हातात द्यायचा. झाकून ठेवायचा नाही.”

वहिनी क्षणभर गप्प. मग त्यांनी माझ्या हातातल्या परडीकडे बघितलं, गडग्याकडे बघितलं.

“म्हणजे वाटीच की.”

“काय?”

“वाटी रिकामी परत जायची नाही. सासूबाईंनी कागदावर लिहून ठेवलं नाही एवढंच.”

मला हे सहा महिन्यांत सुचलं नव्हतं.

“पण फुकटचं म्हणून सोपं असेल, असं समजू नका,” मी म्हटलं. पहिल्या दिवशी मी डांबऱ्याची कच्ची फाईल रॉथेरपीत उघडली, सगळे मसाले काढून टाकणारा न्यूट्रल नावाचा पर्याय दाबला, आणि समोर जे आलं ते बघून मला रडू यायचं बाकी राहिलं. फिका, मरगळलेला, धुक्यात उभा असल्यासारखा कुत्रा. जेपेग यापेक्षा बरी होती! दोन दिवस मी सॉफ्टवेअरला नावं ठेवत होतो. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला: ताटलीतलं खोबरं चाखून आमटी अळणी आहे म्हणणारा मीच शहाणा.

डार्कटेबलचा प्रकार आणखी वेगळा. त्यात दोन मुख्य खोल्या. एक लाईटटेबल, जिथं फोटो पसरून निवडायचे. दुसरी डार्करूम, जिथं निवडलेला फोटो घडवायचा. दोन्ही शब्दांची अर्धी अर्धी भाकरी मोडून नाव झालं डार्कटेबल. आमच्या लहानपणी बाजारातल्या स्टुडिओत मागं काळा पडदा असायचा, आत लाल दिवा आणि औषधांचा उग्र वास. त्या पडद्याआड काय चालतं ते बघायची मला फार इच्छा. आत सोडत नसत. साठीनंतर सोडलंन कुणीतरी. पण आत गेलो तर पन्नासावर मॉड्यूल! कुठलं बटण दाबू आणि कुठलं सोडू. शिवाय आमचा लॅपटॉप आठ वर्षांचा; प्रत्येक सरकपट्टी ओढली की आंबा घाटात पहिल्या गिअरवर चढणाऱ्या गाडीसारखा घोंघावायचा. रॉथेरपी त्या मानानं अंगाला हलकं वाटलं. म्हणून रोजचं काम त्यात आणि सवड असली तर डार्कटेबल. दोन्ही फुकट असल्यावर दोन घरचा पाहुणा होऊन जेवायला कसली लाज?

“खराब झालं काही तर?”

“ती भीती मलाही होती. पण मूळ फाईलला ही दोन्ही हात लावत नाहीत. तुम्ही काय काय केलंत त्याची एक चिठ्ठी लिहून बाजूला ठेवतात. रॉथेरपीची पीपीथ्री, डार्कटेबलची एक्सएमपी. चिठ्ठी फाडून टाका, फोटो पहिल्यासारखा.”

“हे मात्र वाटणाला नाही जमायचं,” म्हणून वहिनी आत गेल्या. मला वाटलं विषय संपला. पाच मिनिटांत त्या पाट घेऊन परत आल्या, गडग्याच्या शेवाळावर ठेवला आणि म्हणाल्या, “आणा तुमचा लॅपटॉप. माझ्यादेखत करा.”

आता ह्याला नाही कसं म्हणणार? मी लॅपटॉप आणला, ही छत्री घेऊन आली; थेंब पडलाच तर माझ्याआधी लॅपटॉपवर धरायला. वहिनींकडचे अप्पा पलीकडच्या पडवीत पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला. डांबऱ्या येऊन माझ्या पायाशी बसला. पिठी कुठंच दिसेना. ज्याचं लग्न त्याचा पत्ता नाही.

पिठीची कच्ची फाईल उघडली. आंब्याखाली, पाय दुमडून, शेपूट गुंडाळून, हिरवीगार.

“फोटो पूर्ण मोठा करून दाखवतो,” मी म्हटलं. “कॅमेऱ्याच्या आतली जी फोटो टिपणारी चकती असते ना, ती मुळात रंग ओळखतच नाही. किती उजेड पडला एवढंच मोजते. म्हणून तिच्यावर रंगीत काचांचे बारीक ठिपके बसवतात. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायरची ही युक्ती, 1976 चं पेटंट. हिरवे दोन, कारण आपल्या डोळ्याला बारकावे हिरव्यातच जास्त कळतात. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग माहीत. उरलेले दोन आजूबाजूच्या ठिपक्यांवरून सॉफ्टवेअर भरून काढतं.”

“ठिपक्यांची रांगोळी,” ही म्हणाली. “ठिपके एकीनं काढायचे, रंग दुसरीनं भरायचे.”

आज दोघींनी मिळून मला काही बोलूच द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

मी व्हाइट बॅलन्सचं ड्रॉपर उचललं. ह्याची रीत अशी, की फोटोत जे खरोखर पांढरं किंवा करडं आहे त्याच्यावर टिचकी मारायची. सॉफ्टवेअर त्यावरून बाकीचे रंग जागेवर आणतं. मी अर्थातच पिठीच्या पाठीवर टिचकी मारली. हिरवा रंग झटक्यात उतरला. मांजर अशी पांढरी झाली की नीळ घालून वाळत टाकलेलं धोतर.

“बघा!” मी छाती फुगवली.

“ही आमची पिठी नाही,” वहिनी म्हणाल्या.

“अहो, पांढरीशुभ्र झालीय!”

“म्हणूनच नाही. पिठी पांढरी आहे कुठं? तांदळाच्या पिठात कुणीतरी नाचणीचा हात बुडवलाय असा रंग आहे तिचा. कानाच्या मागं बघा, शेपटीच्या बुडाशी बघा. ते सगळं धुऊन काढलंत तुम्ही.”

बरोबर होतं. मी सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की ही पूर्ण पांढरी आहे, आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून तिची नाचणी वजा केली. मग मी फोटोच्या कोपऱ्यात सिमेंटची कुंडी शोधली. बिनरंगाची, करडी. तिच्यावर टिचकी मारली. हिरवा उतरला, नाचणी राहिली. वहिनी पुढं झुकल्या. काही बोलल्या नाहीत; म्हणजे पसंत.

“पाठीवर इथं काहीच दिसत नाही, कोरं आहे,” अप्पा पडवीतून म्हणाले. ते कधी उठून गडग्याशी आले कुणाला कळलं नाही.

तिथं ऊन थेट पडलं होतं. मागं सावलीतली काळोखी पडवी. कॅमेऱ्यानं तिच्याकडे बघून दार उघडं ठेवलं आणि मांजरीच्या पाठीवरचा पट्टा जळला. उजेडाची पट्टी मी खाली ओढली तसे कडेचे केस परत उमटले. जेपेगमध्ये ते गेलेलेच होते. पण मधला रुपयाएवढा डाग तसाच. चकतीची वाटी एकदा काठोकाठ भरून वाहिली की सांडलेलं कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. आजूबाजूला बघून ठिगळ लावतं, एवढंच.

“राहू दे,” वहिनी म्हणाल्या. “ऊन होतं असं समजेल भाची.”

मग डांबऱ्याची पाळी. तो पायाशी होता, तरी नाव ऐकून शेपूट हलली. मी आधी रात्रीचा पडवीतला फोटो उघडला. ट्यूबलाईटचा उजेड, आयएसओ 6400. काळ्या अंगावर सगळीकडे लाल-हिरवे कण.

“फोटोत रवा सांडलाय,” ही म्हणाली.

“त्यालाच नॉइज म्हणतात. अंधारात कॅमेरा कान टवकारून ऐकायला लागला, म्हणजे आयएसओ चढला, की खरखरही ऐकू येते.”

ह्याला चाळण असते. डार्कटेबलमधली तर हुशार. कुठल्या कॅमेऱ्यात कुठल्या आयएसओला किती रवा पडतो हे लोकांनी आपापले कॅमेरे मोजून कळवलेलं असतं, ते मोजमाप त्यात भरलेलं आहे. पण चाळण फार बारीक घेतली की रव्याबरोबर केसही जातात आणि कुत्रा रबरी होतो. पहिल्या आठवड्यात मी असे बारा रबरी कुत्रे तयार केले होते. आता अर्ध्यावर थांबतो. थोडा रवा राहिला तरी चालतो. काळोखात बसलेला कुत्रा काळोखात बसल्यासारखा दिसतो.

दुसरा फोटो फ्लॅशचा. दोन डोळ्यांच्या जागी दोन हिरवे कंदील.

“अगंबाई! बॅटरी मारली की वाघरू असंच दिसतं,” वहिनी म्हणाल्या. आमच्याकडे बिबट्याला वाघरूच म्हणतात आणि मागच्या पाखाडीवर ते वर्षातून एकदा दर्शन देतं.

“कारण एकच. कुत्रा, मांजर, बिबट्या, सगळ्यांच्या डोळ्यांत पडद्यामागं आरशासारखा थर असतो. अंधारात तोकडा उजेड परत फिरवून दुसऱ्यांदा वापरायला. फ्लॅश मारला की तो आपल्याच तोंडावर येतो. माणसाला तो थर नाही, म्हणून आपले डोळे फोटोत लाल येतात, आतल्या रक्ताचे. आता गंमत बघा, काही सॉफ्टवेअरांत लाल डोळे घालवायचं हत्यार असतं, ते शोधतं लाल. डांबऱ्याच्या हिरव्यापुढं गप्प बसतं. हातानंच एकेक डोळा काळा करावा लागतो.”

“त्यापेक्षा फ्लॅश मारू नये,” अप्पा म्हणाले. अप्पा दिवसाला दोन वाक्यं बोलतात. आजचा कोटा संपला होता, आणि दोन्ही वाक्यं कामाची.

तिसरा फोटो माझा लाडका. दुपारच्या उन्हात, ह्याच गडग्याशी उभा असलेला डांबऱ्या. उजेड उतरवला तसा तो राखुंडीतून काळ्यावर आला. आणखी उतरवला तर सगळाच शाईचा डाग. नाक कुठं, कान कुठं कळेना. मग सावलीतली पट्टी चिमूटभर वर घेतली आणि केस उलगडले. तेव्हा पहिल्यांदा कळलं, की हा डांबरासारखा काळा नाहीच. पाठीवर निळसर आभाळ, कानाच्या कडेला तपकिरी, आणि पोटाखाली चक्क तांबूस.

“ते पोटाखालचं तांबडं काढायचंय मला,” मी म्हटलं. “कळतंय ना, जांभ्यावर ऊन पडतं आणि खालून लाल उजेड वर फेकला जातो. सहा दिवस त्याच्याशी झटतोय. पोटापुरतं कुंपण आखायचं, तेवढ्या जागेतला लाल कमी करायचा. जमत आलंय.”

“कशाला काढताय?”

“म्हणजे? खरा रंग नाही तो. पिठीचा हिरवा नाही का काढला?”

“तो हिरवा पिठीच्या तोंडावर आजार दाखवत होता, म्हणून काढला. हे तांबडं आपल्या गडग्याचं आहे. कुत्रा कुठं उभा आहे ते कळतंय त्यावरून. ते काढलंत तर तो कुठल्याही गावचा काळा कुत्रा झाला. स्टुडिओतला.”

मी हिच्याकडे बघितलं. हिनं छत्री मिटली, म्हणजे तिचं मत वहिनींच्या बाजूला.

सहा दिवस मी त्या लालाला चूक समजून पुसत होतो. सॉफ्टवेअरला हिरवाही सारखा, लालही सारखा, दोन्ही आकडे. कुठला घालवायचा आणि कुठला ठेवायचा, हे सांगायला गडग्याच्या अलीकडे-पलीकडे राहणारंच कुणीतरी लागतं. स्टुडिओवाल्याचं तरी काय चुकलं होतं? त्यानं डांबऱ्याला कधी बघितलेलंच नव्हतं.

आखलेलं कुंपण पुसून टाकलं. तांबूस पोट परत आलं. डांबऱ्यानं वर मान करून पडद्याकडे बघितलं आणि जांभई दिली. कुत्र्यांना निळं-पिवळं दिसतं, लाल-हिरव्यातला फरक नीटसा कळत नाही. एवढा वाद कशावर चाललाय ते त्याच्या दृष्टीनं न समजण्यासारखंच होतं.

पावसाची सर आली. लॅपटॉप पोटाशी धरून मी पळालो, पाट तसाच गडग्यावर भिजत राहिला.

संध्याकाळी उघाडी झाल्यावर आठवलं, की परवाच्या फदफद्याची वाटी अजून आमच्याकडेच आहे. ही म्हणाली, “आज घरात द्यायला काही नाही हो, चार मिरच्या घालू?” मी म्हटलं, थांब. जुना पेनड्राइव्ह शोधला. त्यात पिठीच्या सहा कच्च्या फाईली घातल्या, चिठ्ठीवर दोन्ही सॉफ्टवेअरांची नावं लिहिली, वाटी घासून कोरडी केली, पेनड्राइव्ह ठेवला आणि गडग्याशी जाऊन हाक मारली.

वहिनींनी वाटीत बोट घालून बघितलं.

“हे काय? ना खोबरं ना मिरची.”

“पिठी आहे. मी केलेला फोटो भाचीला पाठवू नका. ही पाठवा. कच्ची आहे. तिची मांजर ती करेल. फक्त केली की आपल्यालाही दाखवायची, एवढं सांगा.”

“ती केव्हा करील कोण जाणे,” वहिनी म्हणाल्या. “आधी मीच करून बघत्ये. बंडूच्या कॉम्प्युटरवर घाला मला ते सॉफ्टवेअर उद्या.” आणि वाटी पदराआड धरून वळता वळता थांबल्या. “मीठ मात्र माझ्या अंदाजानं हो. मध्ये बोलायचं नाही.”